समुद्राकडचा खुबा

दिवेआगरला आलेला पाहुणा दोन गोष्टी हमखास विचारतो: ताजी मासळी कुठे मिळेल, आणि किनाऱ्याकडे रस्ता कुठून जातो. आमच्या खोलीत चुकून डोकावला, तर तिसरी गोष्ट विचारतो. सात-आठ बायका ओळीने पडद्यांसमोर बसलेल्या, पडद्यावर माणसाचं कंबरडं, आणि कोणी ते केशरी रंगवतेय, कोणी हिरवं. "हे काय करता?" मी सांगते, "हाडं रंगवतो." मग तो मान हलवतो आणि बाहेर जाऊन बायकोला सांगतो, "कसलेतरी क्लास आहेत." पूर्वी मी त्याच्यामागे दारापर्यंत जाऊन समजावून सांगायची. आता तेवढा वेळ मी कोणाला देत नाही.

इथे मात्र सांगते, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळायचं नाही. मोठ्या इस्पितळात माणसाला यंत्रात झोपवतात आणि ते यंत्र त्याच्या अंगाचे आडवे काप काढतं. खरे नाही, चित्रातले. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसे, फक्त फारच बारीक. एकेका माणसाचे शेकडो काप आमच्या पडद्यावर येतात. प्रत्येक कापात हाड पांढरं दिसतं आणि त्याची कड आम्ही ब्रशने आखतो. हा खुबा, हे मांडीचं हाड, हे मधलं माकडहाड. प्रत्येकाला वेगळा रंग आणि वेगळं नाव. संगणकाला अशी हजारो चित्रं दाखवली की पुढे तो आपला आपण हाड ओळखायला शिकतो, आणि खुबा बदलायचा असेल तर डॉक्टरला चिरफाड करण्याआधी तो चहूबाजूंनी फिरवून बघता येतो. शिकवणारे आम्ही. संगणकाचे मास्तर म्हणा हवं तर. पगार मास्तरांएवढा नाही, एवढाच फरक.

सॉफ्टवेअर तसं गुणाचं आहे. एका कापावर कड आखायची, मधले चार-दोन सोडायचे, पुढच्यावर पुन्हा आखायची, की मधलं ते स्वतः भरतं. कधी बरोबर भरतं, कधी हाड सोडून थेट मांसात शिरतं. मग खोडरबर घेऊन त्याच्यामागे हिंडायचं. पण कोपऱ्यातल्या चौकोनात हळूहळू अख्खं हाड उभं राहतं आणि माउसने फिरवलं की गोल फिरतं. पहिल्यांदा ते उभं राहिलं तेव्हा माझी धाकटी जाऊ खुर्ची मागे सारून उठलीच होती. "अगो बाय, हा कुणाचा माणूस?" म्हणाली. ते आम्हाला कोणी कधी सांगत नाही. नाव, गाव, वय सगळं पुसून येतं. येतं ते फक्त कंबरडं.

मी या कामात आले ती वाडी आडवी झाल्यावर. चक्रीवादळाने आमच्या पोफळी एका दुपारात झोपवल्या. नवीन लावल्या, पण पोफळ काही भेंडीसारखी दोन महिन्यांत हाताला येत नाही. मी बी.एस्सी. झालेली, आणि लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग गॅसचा फॉर्म भरण्यापलीकडे कोणी करून घेतलेला नव्हता. शहरातल्या एका कंपनीला गावाकडच्या शिकलेल्या बायका हव्या होत्या. मी गेले, शिकले, आणि वर्षभरात त्यांनी मला खोलीची प्रमुख केलं. मग जाऊ आली, शेजारणी आल्या, बोर्लीच्या दोघी-तिघी आल्या. आणि एक तळ्याची आली, डोंगरापलीकडच्या तळा गावची. ही गोष्ट तिची आहे.

आमची पहिली खोली बोर्ली पंचतनच्या बाजारात होती, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर. टेबलं उत्तरेच्या भिंतीला लावलेली. या कामात नव्या बाईला सगळ्यात जास्त रडवते ती डावी-उजवी बाजू. पडद्यावरचा माणूस आपल्यासमोर तोंड करून असल्यासारखा येतो. त्याचा उजवा खुबा आपल्या डाव्या हाताला दिसतो. सांगायला सोपं, पण दिवसभर हाडं रंगवून डोळे शिणले की माणूस गडबडतो. कोपऱ्यात तशी इंग्रजी अक्षरं यायची, बाजू सांगणारी. पण आमचे पडदे छोटे, ती अक्षरं नेमकी हाडाच्या कडेवर बसायची, म्हणून आम्ही ती बंद करून टाकली होती.

मग एक दिवस कोणीतरी म्हणालं, "समुद्राकडचा." कोण म्हणालं ते आता कोणालाच आठवत नाही, आणि आठवलं तरी मी सांगणार नाही. आमच्या पट्टीत डावं-उजवं कोणी बोलतच नाही. नारळ पडला तर तो समुद्राकडच्या कोपऱ्यात पडतो. डबा डोंगराकडच्या खिडकीत ठेवलेला असतो. माझी सासू तर ताटात मीठ वाढायला सांगतानाही "जरा समुद्राकडे सरकव" म्हणते. माडीवर उत्तरेला तोंड करून बसलं की समुद्र आमच्या डाव्या हाताला. पडद्यावर डावीकडे दिसणारा खुबा तो समुद्राकडचा, म्हणजे पेशंटचा उजवा. पलीकडचा तो डोंगराकडचा, म्हणजे डावा. एवढं ठरलं आणि आमची चूक बंद झाली. कंपनीकडून शाबासकीची मेल आली. ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, त्यात समुद्राचा उल्लेख नव्हता.

तळ्याची बाई आमच्यात आली तेव्हा तिशीच्या पुढची होती. बारावी झालेली, पुढे संगणकाचा कोर्स केलेला, नवरा रोह्याकडे कारखान्यात, सासर तळ्याला भातशेतीत. तिची मुलगी हुशार. तिला चांगल्या शाळेत घालायची म्हणून तिने बोर्लीत एक खोली भाड्याने घेतली होती. सासऱ्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: नोकरी आहे तोवर. नोकरी गेली की खोली सोडायची, मुलगी घेऊन परत यायचं. त्या खोलीची चावी ती कमरेला लावायची. जन्मात पहिल्यांदा आपल्या एकटीच्या नावाने उघडणारं दार मिळालंय, असं ती एकदा डबा खाताना म्हणाली होती. आम्ही हसलो, पण मला ते लागलं. माझ्या घराला चार दारं आहेत, आणि त्यातलं एकही माझ्या एकटीचं नाही.

ती टंकायला जलद आणि शुद्ध. म्हणून काम असं वाटून घेतलं होतं: आम्ही हाडं रंगवायची आणि शेवटी हाक मारून सांगायचं, "पहिला समुद्राकडचा, दुसरा डोंगराकडचा." ती तिच्या यंत्रावर त्या आकारांना नावं द्यायची, फाईल बंद करायची आणि वर पाठवायची. तिच्या पडद्यावर तेव्हा चित्र नसायचंच, फक्त 'आकार पहिला', 'आकार दुसरा' असं लिहिलेलं. समुद्र ऐकला की उजवा, डोंगर ऐकला की डावा. मधे वेळ मिळाला तर ती स्वतःही एखादं कंबरडं रंगवायची.

मग दुकानदाराला माडी हवी झाली. आम्ही सगळं उचलून दिवेआगरला आणलं, आमच्या घरापुढच्या खोलीत. ती पाहुण्यांसाठी बांधलेली, वादळानंतर पत्रे बदललेली. प्लग दक्षिणेच्या भिंतीत, म्हणून टेबलं तिकडे लागली. बोर्लीच्या बायका रिक्षाने येऊ लागल्या. खिडकीतून सुरूच्या झाडांचा वारा आणि लाटांचा आवाज. "आता कसं, समुद्र ऐकत समुद्राचं काम," जाऊ म्हणाली. सगळ्या खूष होतो.

आणि मग ती मेल आली. नवीन जागेत गेल्यापासूनचं सगळं काम उलटं होतं. उजव्या खुब्याला डावा म्हटलेलं, डाव्याला उजवा. एखाद-दुसरं नाही, जवळजवळ सगळंच.

दुपारी व्हिडिओवर कंपनीचा साहेब आला. वयाने माझ्या भाच्याएवढा, वागायला सभ्य. सभ्य माणसाशी भांडणं फार कठीण, आवाज चढवायला निमित्तच मिळत नाही. "मॅडम, सिस्टीममध्ये क्लिअर दिसतंय," तो म्हणाला. "नावं सगळी एकाच लॉगिनवरून दिली आहेत. तुमच्या बाकीच्या टीमचं आखणीचं काम एकदम छान आहे. त्या एका व्यक्तीला थांबवा, वैयक्तिक निष्काळजीपणा असं मला लिहून पाठवा, म्हणजे बाकी खोली चालू ठेवता येईल. वरून विचारणा आहे."

"लिहून कुठे जाणार ते?" मी विचारलं.

"रेकॉर्डला. अशी कामं देणाऱ्या कंपन्या एकमेकांना विचारतात, मॅडम."

म्हणजे तिला आमच्याकडूनच नाही, सगळीकडूनच काढायचं. मी म्हटलं उद्या बोलते, आणि पडदा बंद केला. मागे वळले तर सगळ्या ऐकत होत्या. तळ्याची बाई आपल्या खुर्चीत ताठ बसली होती. हात कमरेच्या चावीवर.

पहिली बोलली ती माझी जाऊ. मी तिला दोष देत नाही. तिच्या अर्ध्या घरावर अजून ताडपत्री आहे. "वैनी, साहेब बोलतो ते बरोबर हाय," ती म्हणाली. "एकीचं काम जाईल नायतर सगळ्यांचं जाईल. ती तळ्याची, तिचं सासर हाय, शेती हाय. आपण कुठं जायचं?"

"तिचं सासर आहे आणि तुझं नाही का?" मी म्हटलं.

"मी तसं न्हाय बोलले."

"मग कसं बोललीस?"

बोर्लीच्या एकीने मधे पडून चहा टाकला. चहा कोणी प्यायलं नाही. मग तळ्याची बाई उठली. कमरेची चावी तिने काढली नाही, पण खोलीचं कपाट तिच्या ताब्यात असायचं, त्याची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "ताई, मी जाते," ती म्हणाली. "नावं मीच टाकली, ते खोटं न्हाय. माझ्यापायी तुमचं कशाला जायला पायजे? पोरीला सांगन काहीतरी."

मला इतका राग आला की मला आधी तिचाच आला. "खाली बस," मी ओरडले. "तू गेलीस तर मला सोपं जाईल म्हणून निघालीस का? मला सोपं नकोय." ती बसली. मी ती चावी तिच्याकडे सरकवली. सगळ्यांना घरी जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं.

आधी मी तिने स्वतः रंगवलेलं एक कंबरडं उघडलं. तिचं आखलेलं, तिनेच नाव दिलेलं. कोपऱ्यातली अक्षरं चालू केली. बरोबर होतं. दुसरं उघडलं, बरोबर. मग माझं उघडलं. उलटं. जाऊचं, उलटं. बोर्लीच्या दोघींची बरीचशी उलटी. तळ्याच्या बाईची मात्र सगळी सरळ.

"तू कशी ओळखतेस उजवा?" मी तिला विचारलं.

ती जरा लाजली. "बांगड्या भरायला कासारासमोर बसलेय असं धरते," म्हणाली. "माझा डावा हात त्याच्या उजव्या हाताकडं. समोरचा पेशंट म्हणजे कासार."

"आणि समुद्राकडचा?"

"तो तुम्ही बोलता म्हणून मी उजवा टाकते. मला कुठं ठावं समुद्र कुठं हाय ते? आमच्याकडं तळ्याला चारी बाजूला शेतं आणि डोंगर. इथं आल्यावर पण मला आठवून काढावं लागतं."

मी माझ्या खुर्चीत बसले. एक नवीन चित्र घेतलं, आणि मनाशी म्हटलं, समुद्राकडचा खुबा. माझा हात आपोआप पडद्याच्या उजव्या बाजूला गेला. त्याच बाजूच्या कानात लाट फुटत होती. माडीवर समुद्र डावीकडे होता. इथे आम्ही भिंत बदलली, तोंड दक्षिणेला केलं, आणि समुद्र आमच्या उजव्या हाताला आला. माडीवर तो ऐकूही येत नव्हता, नुसता मनात होता. इथे तर दिवसभर कानाशी हाका मारत होता. आम्ही 'समुद्राकडचा' म्हणत राहिलो आणि आमची अंगं खऱ्या समुद्राकडे वळत राहिली. शब्द तोच राहिला आणि खुबा बदलला.

मी आधी हसले. एकटीच, मोठमोठ्याने. तळ्याची बाई घाबरून बघायला लागली. मग मला परत राग आला, आणि या वेळी तो योग्य जागी आला. ही चूक करायला किनाऱ्यावर जन्मायला लागतं. लहानपणापासून समुद्र अंगात बसलेला लागतो. तिला ही चूक करायची म्हटलं असतं तरी करता आली नसती, आणि काढणार होते तिला! कारण यंत्राला बोट कोणाचं ते कळतं, तोंड कोणाचं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्यावर मी त्यांना दाखवलं.  जाऊने आपलं एक जुनं काम उघडलं, एक नवीन उघडलं, दोन्ही शेजारी ठेवली, आणि "ई बाय" एवढंच म्हणाली. मी तिला विचारलं, "अजून तिला काढायचं?" ती उठली आणि तळ्याच्या बाईची खुर्ची ओढून मधल्या टेबलाशी आणली, कॅमेऱ्यात बरोबर मधे येईल अशी.

साहेब दुपारी पडद्यावर आला तेव्हा एकटा नव्हता. बरोबर एक डॉक्टरीण होती, तपासणी करणारी, चष्मा डोक्यावर चढवलेला. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "लिहून देण्याआधी एक गोष्ट दाखवते. दोन मिनिटं बघा." मग मागे न वळता विचारलं, "बायांनो, डोळे मिटा. समुद्र कुठंय?"

सगळ्यांचे हात एकदम एकाच बाजूला गेले. कोणी विचार केला नाही. डोळे मिटलेले, आणि हात सरळ त्या भिंतीकडे, जिच्यापलीकडे माझी वाडी, मग सुरू, मग वाळू. मधे फक्त तळ्याची बाई हात मांडीवर ठेवून बसलेली. तिने डोळे उघडले, खिडकीतून सुरूची झाडं शोधली, आणि मग हात केला. सगळ्यांत शेवटी, जरा चुकीच्याच कोनात.

मी साहेबाला सगळं सांगितलं. माडी, उत्तर, दक्षिण, हाक मारायची पद्धत, कासार. डॉक्टरीण हसायला लागली. चांगल्या मनाने हसत होती, मला कळत होतं, पण माझं डोकं आधीच तापलेलं. "हसा तुम्ही," मी म्हटलं, "हसण्यासारखंच आहे. पण आधी सांगा, या चुकीवरून हिचं नाव काढायचं की नाही?"

 साहेब म्हणाला, "मॅडम, कारण कळलं. पण चूक तर झाली आहे ना? कोणाच्या तरी नावावर ती जायलाच हवी. फॉरमॅटमध्ये एकच नाव बसतं."

"मग फॉरमॅट मोठा करा."

"ते माझ्या हातात नाही."

"माझ्याही हातात नाही हिचं नाव लिहिणं. माझ्या हातून ते होणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही, तुमच्या वरच्यांनी सांगितलं तरी नाही. चूक या खोलीची आहे, ही सोडून. काढायच्या असतील तर आम्हा बाकीच्या सगळ्यांना काढा आणि हिला एकटीला ठेवा. एकटी बसून तुमची हाडं रंगवेल, आणि सगळी सरळ रंगवेल."

 मला भीती वाटत होती. वाटत नव्हती म्हणाले तर खोटं होईल. वाडीतली नवी रोपं अजून माझ्या खांद्याला आलेली नव्हती, आणि मी पाठीमागच्या बायकांना न विचारता त्यांची कामं पणाला लावली होती. मग माझ्या मागून जाऊचा आवाज आला. "व्हय. वैनी बोलते तसंच लिवा. माझं पहिलं लिवा."

बाकीच्यांनी काही भाषणं केली नाहीत. बोर्लीची एक म्हणाली, "माझं पण." दुसरी नुसती घसा खाकरली. कॅमेऱ्यात तळ्याची बाई मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडू नको म्हणून मी तिला टेबलाखालून पाय मारला.

साहेबाने वर बोलून सांगतो म्हटलं. डॉक्टरीण जाता जाता म्हणाली, "हे सगळं परत करावं लागेल, बरं का. खुब्याची बाजू चुकली तर पुढे काय होतं, तुम्हाला कल्पना आहे?" तिचं बरोबर होतं. ते मी कधीच नाकारलं नाही, आताही नाकारत नाही. या चित्रांवर शिकलेलं यंत्र कधीतरी कोणाच्या तरी दुखऱ्या पायासमोर उभं राहणार आहे. मी तिला सांगितलं, "आम्ही सकाळीच सुरू केलंय." आणि केलंच होतं. एकेक फाईल काढून, अक्षरं चालू ठेवून, नाव बदलून. दर फाईल शेवटी तळ्याच्या बाईकडे जायची, आणि या वेळी तिच्या पडद्यावर चित्र होतं. ती कासार समोर बसवायची, तपासायची, मगच पुढे पाठवायची. आम्ही तिच्या मागे उभ्या राहून शाळेतल्या मुलींसारख्या वाट बघायचो.

वरून उत्तर यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात तिने मुलीला काही सांगितलं नाही आणि घरमालकालाही काही सांगितलं नाही. मला मात्र रोज विचारायची, "मेल आली?" मी रोज रागावून सांगायची, "आली की ओरडेनच ना!"

आली ती अशी: कोणालाही काढत नाही. वैयक्तिक शेरा कोणाच्याच नावावर नाही. सगळं काम पुन्हा तपासून द्यावं. बाजू दाखवणारी अक्षरं यापुढे बंद करू नयेत. आणि खोलीच्या प्रमुख बाईंनी देखरेखीत कसूर केल्यामुळे त्यांच्या जागी दुसरं नाव सुचवावं.

म्हणजे फॉरमॅटमध्ये शेवटी एक नाव बसवलंच त्यांनी. माझं. मी मेल मोठ्याने वाचली. जाऊला माझी कीव आली, तिने लगेच कंपनीला शिव्या द्यायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. ती खुर्ची मला आवडत होती. गावात लोक मला "ऑफिसवाली" म्हणायचे, तेही आवडत होतं. पण आदल्या आठवड्यात मी जे बोलले ते पुन्हा बोलायला सांगितलं, तर एक शब्द कमी करणार नाही. उलट त्या फॉरमॅटबद्दल आणखी दोन घालीन.

दुसरं नाव सुचवायला मला मिनिटही लागलं नाही. मी तिथेच उत्तर टाइप केलं, तळ्याच्या बाईचं पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. मग तिला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मला न्हाय जमणार." मी खोलीच्या दाराची चावी तिच्या हातात दिली. माझ्याच घरापुढची खोली, माझ्याच सासऱ्यांनी बांधलेली, आणि चावी तिच्याकडे. सासूने दोन दिवस तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, करा.

तळ्याला तिच्या सासऱ्यांना तिने फोन करून सांगितलं की नोकरी आहे, आणि वर बढतीही आहे.  मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पोरगी तिकडंच शिकणार?" ती म्हणाली, "व्हय." बस, एवढंच बोलणं.

ती प्रमुख झाल्यावर पहिल्याच सकाळी तिने बाजारातून निळ्या चिकटपट्टीचं रीळ आणलं. एकेका पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत पट्टी लावली. आम्ही बघत होतो. लावून झाल्यावर तिने हात पुसले आणि म्हणाली, "ह्यो समुद्र. टेबलं कुठंबी लावा, भिंत कुठलीबी असूद्या. पडद्यावर बसलात की समुद्र हितं." जाऊने विचारलं, "आणि कानात येतो तो?" ती म्हणाली, "तो सुट्टी झाल्यावर."

महिन्याभराने साहेब व्हिडिओवर आला, सगळं बघायला. अक्षरं चालू आहेत, हे त्याने तपासलं. कामात चूक नव्हती, तेही सांगितलं. मी आता मागच्या ओळीत बसते, तिथून त्याचा चेहरा छोटा दिसतो. जाता जाता त्याने हसून तळ्याच्या बाईला विचारलं, "आणि मॅडम, ते समुद्र-डोंगर आता बंद केलं ना?"

ती खुर्चीत ताठ झाली. मला वाटलं घाबरली. पण तिने कमरेच्या दोन्ही चाव्या जरा बाजूला सारल्या, नीट बसली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "चालू हाय. फकस्त समुद्र कुठं असायचा, ते आता मी ठरवते."